नियत : शब्द एक का दोन?

प्रश्न वऱ्हाडातल्या एका वाचकाचा आहे. ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’ असं सरकारी पत्रात असतं, रमजानच्या वेळापत्रकावर ‘रोज्याची नियत’ छापलेली असते आणि गावात ‘नियत साफ असली का झालं’ म्हणतात. हा शब्द एकच का? आणि नियत साफ असल्यावर वजूच्या (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याच्या) क्रमाचं, रकाती (नमाजाची आवर्तनं) मोजण्याचं एवढं काय?

शब्द दोन आहेत, लिहिले जातात सारखे. पत्रातला ‘नियत’ संस्कृत : नि + यम्, म्हणजे आवरलेलं, ठरवून दिलेलं. नियतकालिकातला तोच आणि गीतेतल्या ‘नियतं कुरु कर्म त्वं’मधलाही तोच. तो विशेषण आहे. दुसरा अरबी ‘निय्यत’, म्हणजे इरादा. हे स्त्रीलिंगी नाम : ती नियत, नियत फिरली, नियत तशी बरकत. हिंदीत ‘नीयत’ लिहितात. अरबीत पहिला स्वर ऱ्हस्व आणि ‘य’ दुहेरी आहे, त्यामुळे मराठीतला ऱ्हस्व ‘नि’ मुळाला जास्त जवळचा. गंमत अशी, की एक ‘नियत’ ठरलेल्या रीतीची आणि दुसरी मनातली. प्रश्नकर्त्याने भांडण लावलंय ते नेमकं या दोघांमध्ये.

पण गावातली ‘साफ नियत’ आणि धर्मशास्त्रातली ‘नियत’ यांतही फरक आहे. गावात अर्थ होतो सचोटी. शास्त्रात अर्थ होतो : कोणतं कर्म करतोय हे मनात पक्कं असणं. ही फजरची (पहाटेच्या नमाजाची) दोन रकात फर्ज (सक्तीची) आहे का सुन्नत (पैगंबरांच्या रिवाजातली, पण फर्ज नसलेली), हा रोजा रमजानचा आहे का मागे सुटलेला, एवढं स्पष्ट हवं. पूजेच्या आधीच्या ‘संकल्पा’शी हा अर्थ जास्त जुळतो. ती तोंडाने म्हणणं आवश्यक नाही. वेळापत्रकावरच्या ‘व बिसौमि गदिन नवैतु मिन शहरि रमजान’मधला ‘नवैतु’ (मी नियत केली) त्याच धातूचा, पण रोज्यासाठी सहेरीला (पहाटेच्या जेवणाला) उठलो हीच नियत धरली जाते. नमाजासाठी हात बांधले की ‘नियत बांधली’, नमाज मध्येच सोडली की ‘नियत तोडली’ असं बोलतात. दोन्हींत नियत म्हणजे जवळजवळ नमाजच.

आता वजू. विदर्भातले बहुतेक मुसलमान हनफी या धर्मशास्त्र-परंपरेच्या पद्धतीने चालतात. त्यात वजूचे फर्ज चार : चेहरा धुणं, कोपरांसकट हात धुणं, डोक्याच्या किमान चौथ्या भागावर ओला हात फिरवणं (मसह), घोट्यांसकट पाय धुणं. मनगटापर्यंत हात धुणं, चूळ भरणं, नाकात पाणी घेणं, प्रत्येक अवयव तीनदा धुणं, उजवा आधी, हे सुन्नत. क्रमही सुन्नतच, तो चुकला तरी वजू होते. बिघडतं ते कोरडं राहिल्याने, आणि ते बहुधा टाचेपाशी, कोपराच्या मागे किंवा घट्ट अंगठीखाली. नखात वाळलेली कणीक, बोटावरचा ऑइल पेंट, नेलपॉलिश यांच्या थराखाली पाणी पोचत नाही, म्हणून वजू होत नाही. मेंदी चालते, कारण तो नुसता रंग, थर नव्हे. पाणी मात्र बादलीभर लागत नाही. पैगंबर एका ‘मुद’मध्ये, म्हणजे सुमारे पाऊण लिटरमध्ये वजू करत. एप्रिल-मेच्या टंचाईत लक्षात ठेवण्यासारखं माप आहे.

हनफींत वजूसाठी नियत सुन्नत आहे, फर्ज नाही. शेतातून घरी येताना कोणी पावसात असा भिजला, की हे चारही अवयव पुरते ओले झाले, तर वजू झाली. सवाब (पुण्य) नाही, पण त्या वजूवर नमाज चालते. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई या दुसऱ्या परंपरेचे. त्यांच्याकडे नियतशिवाय वजूच नाही. तयम्मुमला मात्र हनफींतही नियत फर्ज. पाणी नसलं किंवा आजारपणात चालत नसलं, की पाक मातीवर हात मारून एकदा चेहऱ्यावरून आणि पुन्हा मारून कोपरांपर्यंत हातांवरून फिरवायचा. कारण असं सांगतात, की पाणी आपोआप शुद्ध करतं, माती तशी करत नाही, तिला इराद्याची जोड लागते. ‘तयम्मुम’चा मूळ अर्थच ‘ठरवून एखाद्या गोष्टीकडे वळणं’.

मग ‘साफ नियत’ला अरबी शब्द कोणता? ‘इखलास’. ख-ल-स हा धातू मराठीच्या ओळखीचा आहे. खालिस, खलास, खुलासा, खालसा हे सगळे त्याचेच. भेसळ काढून जे उरतं ते खालिस. उलट शब्द ‘रिया’, ‘पाहणं’ या धातूवरून, म्हणजे लोकांनी पाहावं म्हणून केलेलं. रियाने नमाजचा सवाब जातो, पण बाहेरून काही दिसत नाही.

‘मन साफ, मग रीत कशाला’ याचं उत्तर बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या एका हदीसमध्ये (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदीत) मिळतं. एका माणसाने घाईघाईत नमाज उरकली. पैगंबर म्हणाले, परत जा, नमाज पढ, तू पढलाच नाहीस. असं तीनदा झालं. मग त्यांनी त्याला रुकू (कमरेत वाकणं), त्यातून सरळ उभं राहणं, सजदा (कपाळ जमिनीला टेकणं), प्रत्येक ठिकाणी स्थिर होईपर्यंत थांबायला शिकवलं. त्याच्या मनाबद्दल चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या बाजूला, बुखारीच्या संग्रहाची पहिलीच हदीस ‘कर्मं नियतीवर अवलंबून’ अशी आहे. जुन्या काळातले संत फुजैल बिन इयाज यांनी दोन्ही जोडले : कर्म खालिसही हवं आणि रीतीला धरूनही हवं, एक नसेल तर दुसरं कबूल नाही.

लिहिताना खूण सोपी आहे. पुढे नाम असेल (नियत वेळ, नियत काम) तर संस्कृत. ‘माझी, त्याची’ लागत असेल तर अरबी. ‘नियतीचा खेळ’मधली नियती संस्कृतच, पण ‘नियतीवर अवलंबून’ लिहिलं की नशीब का इरादा हा घोळ होतो. तिथे ‘नियतवर’ लिहिलेलं बरं. वरच्या हदीसच्या अनुवादात तोच घोळ आहे, तो मुद्दाम ठेवलाय.