बूट मोठा नको, रुंद हवा

प्रश्न : ताई, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. पाऊल आखूड आणि चवड्याशी चांगलंच पसरट. त्याच्या मापाचे स्पोर्ट्स शूज करंगळीला चावतात, म्हणून आम्ही दर वेळी दोन नंबर मोठे घेतो. पण धावताना तो सारखा अडखळतो, टाच बुटातून बाहेर येते, आणि दोन महिन्यांत बुटाची बाजू करंगळीपाशी फाटते. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘फताडे पाय आहेत, डॉक्टरांना दाखवा.’ बूट निवडायचे कसे? आणि त्याला लहान झालेले बूट धाकटीला चालतील का?
– दोन मुलांचा बाबा

उत्तर : ‘दोन नंबर मोठे’ हे वाचलं आणि मला माझ्या लेकाचे पाय आठवले. मुलांच्या पायांची मापं घेण्याचं काम मी बावीस वर्षं केलं, पण तो लहान होता तेव्हा मला यातलं काहीच कळत नव्हतं. ‘वाढता पाय आहे, मोठाच घ्या’ असं दुकानात सांगितलं आणि मी घेतला. बूट पायातून निसटू नये म्हणून तो पोर सहा महिने बोटं आवळून चालत होता. बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले एका रात्री पाय चोळताना माझ्या हाताला लागले. तोवर त्याने एकदाही तक्रार केली नव्हती. लहान मुलं करतही नाहीत. बूट असाच असतो असं त्यांना वाटतं.

कपडे वाढत्या अंगाचे घेतले तर चालतात, बुटाचं तसं नाही. युरोपीय मापात एक नंबर वाढला की लांबी सुमारे 6.7 मिलिमीटर वाढते, ब्रिटिश मापात सुमारे 8.5. रुंदी मात्र त्या मानाने अगदी थोडी वाढते. शिवाय लांब बुटाचा सर्वांत रुंद भाग पुढे सरकतो. मुलाचा चवडा राहतो मागे, बुटाच्या निमुळत्या भागात. म्हणजे ज्या रुंदीसाठी आपण मोठा बूट घेतला, ती त्याच्या बोटांच्या पुढे रिकामी पडून असते. बूट जिथे वाकतो आणि पाय जिथे वाकतो त्या जागाही जुळत नाहीत. तुमचा मुलगा अडखळतो तो यामुळे. त्यात त्याच्या चालण्याचा काही दोष नाही.

तेव्हा आधी घरी माप घ्या, तेही संध्याकाळी, कारण दिवसभराच्या खेळण्याने पाय थोडे फुगलेले असतात. जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून मुलाला दोन्ही पायांवर सरळ उभं करा. बसवून घेतलेलं माप उपयोगाचं नाही, कारण वजन पडल्यावरच पाऊल पसरतं. पेन्सिल अगदी उभी धरा. आत कलली तर रुंदी कमी भरते, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत सगळं अडतं ते रुंदीवरच. सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही. रुंदी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या फुगीर हाडापासून करंगळीच्या मुळापर्यंत मोजा. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा.

पुढे दुकानात बुटाच्या आतली गादी बाहेर काढा आणि मोजे घातलेल्या मुलाला तिच्यावर उभं करा. इतकी सोपी आणि इतकी खरी परीक्षा दुसरी मला माहीत नाही. टाच मागच्या कडेशी जुळली की पुढे 10 ते 12 मिलिमीटर जागा उरावी. करंगळी गादीच्या बाहेर लोंबत असेल तर तो बूट तिथेच परत करा, मग मुलाला त्याचा रंग कितीही आवडलेला असो. गादी निघत नसेल तर पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी कापा, पायाच्या लांबीपेक्षा 12 मिलिमीटर जास्त, आणि ती बुटात सरकवा. ती सपाट बसली नाही, मधे उचलली गेली, तर बूट आखूड आहे. बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघण्यावर मात्र विसंबू नका. आपण दाबलं की मूल बोटं आत ओढून घेतं आणि आपल्याला वाटतं, भरपूर जागा आहे.

रुंद माप वेगळं मिळतं, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. ब्रिटिश पद्धतीत मुलांच्या बुटांवर एफ म्हणजे साधारण रुंदी, जी रुंद, एच त्याहून रुंद. अमेरिकन बुटांवर डब्ल्यू आणि एक्सडब्ल्यू असतं. क्लार्क्स, न्यू बॅलन्स अशा काही कंपन्या मुलांसाठीही हे पर्याय देतात. तसा बूट मिळाला नाही तर पुढचा भाग गोल आणि खोल असलेला बूट शोधा. करंगळीपाशी मऊ जाळीदार कापड हवं. तिथे प्लॅस्टिकची पट्टी चिकटवलेली असेल तर ती ताणत नाही आणि चावते. मागचा भाग मात्र टाच घट्ट धरणारा असू द्या. सोल बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नव्हे.

पसरट पाय पुष्कळदा वरूनही भरलेला असतो. अशा पायावर आखूड वेल्क्रो पट्टी पुरत नाही. लेसचा बूट असेल तर चवड्यावरच्या पहिल्या भोकांच्या जोडीतून लेस ओवूच नका, दुसरीपासून सुरू करा. तेवढ्यानेही पुढे बराच मोकळेपणा येतो.

फताड्या पायांबद्दल घरच्यांना धीर द्या. लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते आणि कमान हळूहळू, वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंत, घडत जाते. त्याला चवड्यांवर उभं करून बघा. तेव्हा कमान दिसली तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. ती दिसलीच नाही, पाय दुखत असतील, तो लंगडत असेल किंवा एकच पाय वेगळा दिसत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

या वयात पाऊल महिन्याला साधारण एक मिलिमीटर वाढतं, म्हणून दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. नवे बूट पहिले काही दिवस घरातच घालू द्या. अर्ध्या तासाने मोजे काढून बघा. करंगळीवर किंवा अंगठ्याच्या हाडावर लाल वण असेल आणि तो थोड्या वेळात गेला नाही, तर बूट बदलून आणा. ‘वापरून सैल होतील’ हे कुणाचंही ऐकू नका.

आणि धाकटीला ते बूट देऊ नका. ते दादाच्या पायाच्या आकारात बसलेले आहेत, शिवाय एका बाजूने फाटलेले. तिच्याही पायाचं माप कागदावर काढा. तिचे पाय कदाचित अगदी अरुंद निघतील.