वाचकांचे प्रश्न : दाराशी लावलेले ध्येयवाक्य

या महिन्यात सोलापूरहून आलेल्या चार पत्रांचा विषय एकच असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पहिल्या पत्राला जागा अधिक लागली, कारण उरलेल्या तिन्ही पत्रांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आमच्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चभोवतीच्या समुदायात) एका रविवारी दिवसभराचे शिबिर झाले. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकांनी आम्हा पंधरा-वीस जणांकडून एक ध्येयवाक्य तयार करून घेतले आणि ते मोठ्या फ्लेक्सवर छापून चर्चच्या दाराशी लावण्यात आले. आता त्याचा रंग उन्हाने उडाला आहे. पाळकीय परिषदेत (फादरांना सल्ला देणाऱ्या भाविकांच्या मंडळात) अजूनही तेच दहा-बारा जण आहेत. सणाचा मांडव, मुलांचे धर्मशिक्षण, आजाऱ्यांच्या भेटी असे सगळे त्यांच्याच अंगावर पडते. पूर्व भागातली तेलुगू भाषक कुटुंबे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपली की सरळ घरी जातात. शिकलेली मुले पुण्याला गेली. नवे फादर उत्साही आहेत आणि ‘पुन्हा एकदा बसू या’ म्हणतात. मला मात्र पुन्हा एका फ्लेक्सची धास्ती वाटते. आम्ही काय करावे? — रेल्वेतून निवृत्त झालेले एक परिषद-सदस्य

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे. फादरांचा उत्साहही खरा असणार, म्हणून ‘बसू नका’ असे मी सांगणार नाही; बसण्याआधी काय करायचे, एवढेच सांगतो.

आपण पत्रासोबत ते ध्येयवाक्य पाठवले आहे. त्यात प्रेम आहे, ऐक्य आहे, सेवा आहे, साक्ष आहे. त्यात चूक काहीच नाही, आणि तीच अडचण आहे, कारण खाली कोणत्याही धर्मग्रामाचे नाव घातले तरी ते तितकेच शोभेल. ध्येयवाक्याची माझी कसोटी साधी आहे : त्याच्या आधारे परिषदेला एखाद्या गोष्टीला ‘नाही’ म्हणता येते का? येत नसेल, तर ते सुविचाराच्या फळ्यावर शोभणारे वाक्य आहे. (सोलापूरच्या चौकांत फ्लेक्सची मुळीच वानवा नाही, चर्चने त्यात भर घालण्याची गरज नव्हती.)

खरी चूक मात्र वाक्याच्या आधीच झालेली आहे. पंधरा-वीस जणांना विचारले गेले आणि बाकीच्यांना कळवले गेले. ज्यांना कळवले गेले, ते ऐकून घरी गेले, आणि त्यात त्यांना दोष देता येणार नाही. नंतर आपण त्यांना कामे वाटायला निघालात, तेव्हा ती कामे त्यांना आपली वाटली नाहीत. निर्णय आपल्याकडे ठेवून खुर्च्या उचलण्याचे काम तेवढे वाटले, तर त्याला सामूहिक नेतृत्व म्हणता येत नाही.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय परिषदेच्या पुढच्या बैठकीत सावकाश वाचावा, असे मी सुचवतो. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत भांडण झाले ते भाषेच्या रेषेवर : रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषक लोकांची तक्रार होती. प्रेषितांनी ती तक्रार दाबली नाही आणि स्वतःच्या मर्जीतली माणसे नेमून ती मिटवलीही नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, कशी माणसे हवीत ते सांगितले आणि निवड समुदायावर सोपवली. निवडलेल्यांवर नेमणुकीची खूण म्हणून हात मात्र प्रेषितांनीच ठेवले. आता निवडलेल्या सात जणांची नावे पाहावीत. स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत असल्याची तक्रार होती, त्यांच्यातल्याच माणसांकडे वाटपाचा कारभार आला असावा, असा याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. आपल्या परिषदेत पूर्व भागातले तेलुगू भाषक किती आहेत, हे आपण लिहिलेले नाही. मला वाटते, उत्तर दोघांनाही ठाऊक आहे.

म्हणून बैठकीआधी घरे. परिषदेने दोघादोघांच्या जोड्या कराव्यात आणि येत्या उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत) प्रत्येक घरी एकदा जावे. प्रत्येक जोडीत त्या घरची भाषा बोलणारे निदान एक जण असावे, मग ती तेलुगू असो, कन्नड, मराठी, तमिळ वा मल्याळम. वर्गणीची पावतीपुस्तके घरीच ठेवावीत. एकदा का पावतीपुस्तक दिसले, की मनातले बोलणे संपते. प्रश्न दोन-तीनच पुरेत : या वर्षात तुमच्या घरी कोणत्या प्रसंगी चर्च तुमच्याजवळ होते? कोणत्या प्रसंगी हवे होते आणि नव्हते? तुम्हाला काय येते, जे आम्ही कधी विचारलेच नाही? उत्तरे त्यांच्याच शब्दांत, नावे न घालता वहीत लिहावीत. वेळ विचारूनच जावे. विड्या वळणाऱ्या बाईला संध्याकाळी माल जमा करायचा असतो, यंत्रमागावरच्या माणसाची पाळी असते, परिचारिका रात्रपाळी करून सकाळी झोपलेली असते. परिषदेच्या सोयीचा रविवार दुपारचा वेळ यांच्यापैकी बहुतेकांना गैरसोयीचा आहे, आणि ते ‘येत नाहीत’ या आपल्या तक्रारीतला बराच भाग इथेच उलगडेल.

त्यानंतर संपूर्ण धर्मग्रामाची सभा घ्यावी. मार्च-एप्रिलची सोलापूरची दुपार कुणालाही शांतपणे ऐकू देत नाही, तेव्हा ऊन उतरल्यावर पटांगणात बसावे. वह्यांतली उत्तरे आधी वाचून दाखवावीत, बोचणारीही. ती सौम्य करण्याचा मोह टाळावा. मग लहान गटांत बोलावे. रोमच्या सिनोदमध्ये (पोपांनी बोलावलेल्या, मुख्यतः बिशपांच्या सभेत) २०२३ आणि २०२४ साली जी संवादपद्धत वापरली गेली, ती इथे उपयोगी पडते. पहिल्या फेरीत प्रत्येक जण ठरावीक वेळात स्वतःचे म्हणणे मांडतो आणि कुणी मध्ये बोलत नाही. थोडा वेळ मौन पाळून दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने, इतरांच्या बोलण्यातले आपल्याला काय भिडले, तेवढेच सांगायचे. पुन्हा मौन, आणि तिसऱ्या फेरीत सर्वांनी मिळून काय उमगले ते शोधायचे. सभांमध्ये नेहमी तीच चार माणसे बोलतात. दुसऱ्या फेरीत त्यांना दुसऱ्याचे म्हणणे उच्चारावे लागते. मी ही पद्धत वापरून पाहिली आहे. सर्वांत अवघड जाते ते आम्हा फर्ड्या वक्त्यांना.

एवढे झाल्यावर ध्येय लिहावे. समजा, घराघरांतून हेच पुढे आले, की मुले पुण्या-मुंबईला गेल्यामुळे म्हातारी माणसे एकटी राहिली आहेत आणि त्यांच्यापर्यंत महिनोन्‌महिने कुणी पोहोचत नाही. मग ध्येयवाक्य असे होईल : ‘आपल्या धर्मग्रामातल्या कुणाही अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा एकही आठवडा पवित्र कम्युनियनवाचून (मिस्सेतल्या पवित्र भाकरीवाचून) आणि सोबतीवाचून जाणार नाही.’ हे वाक्य फ्लेक्सवर फारसे शोभत नाही, पण त्यातून लगेच प्रश्न निघतात. यादी कोण करणार? कम्युनियन घरी नेण्यासाठी बिशपांच्या अनुमतीने किती प्रापंचिकांना (धर्मगुरू नसलेल्या भाविकांना) तयार करायचे? रिक्षाचा खर्च कुठून? आणि त्यासाठी काय कमी करायचे? बहुधा सणाचा मांडव. तिथे कुरकुर होईल, आणि तिथेच कळेल की ध्येय खरोखर सर्वांचे झाले आहे की नाही. एका वर्षासाठी असे एकच ध्येय घ्यावे, फार तर दोन. बाकीची चांगली कामे थांबत नाहीत; परिषदेचा वेळ आणि पैसा आधी कुठे जाईल, एवढेच ठरते.

तरुणांविषयी एक गोष्ट राहिली. ‘मुले पुण्याला गेली’ हे वाक्य मी अनेक धर्मग्रामांत ऐकतो. गेली ती मुले परिषदेतल्या माणसांची होती, म्हणून ते वाक्य इतके ठळक ऐकू येते. जी गेली नाहीत, जी आयटीआय करून वर्कशॉपात लागली, दुकानात काम करतात, रिक्षा चालवतात, ती सोलापुरातच आहेत. त्यांना आपण तरुणांत मोजले आहे का, हे वह्या उघडण्यापूर्वीच तपासावे.

प्रश्न : परिषदेचा अधिकार केवळ सल्ल्याचा आहे, असे आम्हाला ऐकवले जाते. मग रात्री दहापर्यंत बसून ठराव करण्यात अर्थ काय? निदान परिषद निवडणुकीने तरी नेमावी का? — एक शिक्षक

उत्तर : आपण ऐकलेले बरोबर आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या (कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याच्या) संहितेतील कलम ५३६ नुसार धर्मग्रामाची पाळकीय परिषद प्रमुख धर्मगुरूंच्या अध्यक्षतेखाली चालते आणि तिचे मत सल्ल्याचे असते. परंतु ही गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. कलम २१२ नुसार आपल्या ज्ञानानुसार आणि योग्यतेनुसार चर्चच्या हिताविषयीचे मत पाळकांपुढे मांडणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, आणि प्रसंगी कर्तव्यही. कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे. ती ऐच्छिक नाही. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना देण्याविषयी कलम १२८७ मध्ये तरतूद आहे. धर्मादाय आयुक्तांकडे कागद गेले म्हणजे हे कर्तव्य पुरे झाले, असे समजू नये. दर तीन महिन्यांनी मिस्सेनंतर पाच मिनिटांत जमाखर्च वाचून दाखवला, तर परिषदेच्या शब्दाला जे वजन येईल, ते कोणत्याही अधिकारपत्राने येणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनोदने मान्य केलेल्या अंतिम दस्तऐवजात अशा सहभागी परिषदा सक्तीच्या कराव्यात, असा आग्रह धरला आहे आणि ‘केवळ सल्ल्याचे मत’ या शब्दप्रयोगाचा फेरविचार करावा, असेही म्हटले आहे. संहितेतले कलम तेवढ्याने बदललेले नाही. पण फादरांनी परिषदेचे म्हणणे डावलले तर त्याची कारणे परिषदेला सांगावीत, एवढी अपेक्षा आजही रास्त आहे, आणि ती आदराने बोलून दाखवण्यास हरकत नाही.

निवडणुकीबाबत मी सावध आहे. बिशपांनी घालून दिलेले नियम जो मार्ग सांगतील, तोच अंतिम. तरी साखर कारखान्यांच्या निवडणुका पाहत मोठ्या झालेल्या जिल्ह्यात मतपेटी आली की पॅनेल येते, आणि पॅनेल आले की हरलेले पॅनेलही उरते. प्रत्येक वस्तीतल्या छोट्या ख्रिस्ती समूहाने प्रार्थनेनंतर आपल्यातला एक जण एकमताने सुचवावा, ही रीत मला अधिक बरी वाटते. एकमत होण्यास दोन बैठका जास्त लागल्या तरी लागू द्याव्यात.

प्रश्न : मी वीस वर्षे मुलांना धर्मशिक्षण देते. बैठकीत मात्र आम्हा बायकांकडे चहाचेच काम येते. नेतृत्व म्हणजे वेदीवरचे काम, असे आमच्यातल्या अनेक बायकाही मानतात. यात बदल होऊ शकतो का? — एक भगिनी

उत्तर : ताई, होऊ शकतो, आणि त्यासाठी कुणाच्या नव्या परवानगीची वाट पाहण्याची फारशी गरज नाही. पाळकीय परिषदेत किंवा आर्थिक समितीत स्त्रिया असण्यास चर्चच्या कायद्याची आडकाठी नाही. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही विधिवत सेवापदे स्त्रियांसाठी खुली केली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाच्या सेवापदाची स्थापना केली; म्हणजे आपण जे काम वीस वर्षे करीत आहात, त्याला चर्चने आता स्वतंत्र सेवापदाचा मान दिला आहे. ही पदे प्रत्यक्ष देणे बिशपांच्या हाती आहे. तोवर पुढच्या बैठकीत इतिवृत्त लिहिण्याचे काम आपण मागून घ्यावे आणि चहा आळीपाळीने करावा असे सुचवावे. इतिवृत्त लिहिणाऱ्याला सभेत काय ठरले, हे पुन्हा पुन्हा विचारावेच लागते. असे विचारणारे माणूस फार काळ कोपऱ्यात राहत नाही.

प्रश्न : हे सारे ठीक, पण फादरांची बदली झाली की सगळे पहिल्यापासून. मागच्यांनी सुरू केलेले छोटे समूह पुढच्यांनी बंद केले. याला उपाय आहे का? — एक त्रासलेला वाचक

उत्तर : बदल्या होणारच. कॅनन कायद्याला प्रमुख धर्मगुरूंनी एका जागी स्थिर राहावे असे मुळात अपेक्षित आहे, पण देशाच्या बिशप परिषदेने मुभा दिली असेल तर ठरावीक मुदतीची नेमणूकही करता येते.

उपाय अर्धा फादरांकडे आहे, अर्धा आपल्याकडे. आपल्याकडचा अर्धा सांगतो. कलम ५३५ नुसार धर्मग्रामात स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात, आणि शंभर वर्षांपूर्वीचा स्नानसंस्कार आज शोधता येतो तो त्यामुळेच. पण एखादे काम का सुरू झाले, कुणी मागितले, कुठे अडले, याची वही कुठेच नसते. नव्या फादरांना कपाटात फक्त हिशेब आणि जुने फोटो सापडतात. त्यांनी बंद केलेले समूह त्यांना कुणा एकाचे खूळ वाटले असेल, तर आश्चर्य नाही.

म्हणून परिषदेने अशी एक वही ठेवावी. घरभेटींतली उत्तरे, सभेचा निष्कर्ष, वर्षाचे ध्येय आणि त्यामागची कारणे तिच्यात असावीत. खाली परिषदेच्या सर्वांच्या आणि फादरांच्या सह्या असाव्यात. नवे फादर आल्यावर स्वागताचा हारतुरा झाला, की पहिल्याच आठवड्यात दोन सदस्यांनी ती घेऊन त्यांच्याकडे जावे, आणि त्यांतला एक पूर्व भागातला असावा. पहिल्या भेटीत कसलीही मागणी करू नये. वही त्यांच्याकडे ठेवून यावी आणि पंधरा दिवसांनी, वाचली का, असे विचारायला पुन्हा जावे.