काउंटरवर दबून जाऊ नकोस

अगं, पहिल्यांदाच फाउंडेशन घ्यायला निघालीयेस ना? मग लक्ष्मी रोड असो की विमाननगरचा मॉल, काउंटरवरची मुलगी बहुतेकदा त्या ब्रँडचीच असते, तिला महिन्याचं टार्गेट असतं. तिच्यावर चिडू नकोस, पण "मॅम, स्किन किती डल झालीये" ऐकून लगेच पर्सही उघडू नकोस.

शेड मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून बघ. आणि तशीच दुकानाबाहेर ये, उजेडात. आतल्या पिवळ्या दिव्यांत मीही एकदा दोन शेड उजळ बाटली घेऊन आले. लग्नात चेहरा एकीकडे, मान एकीकडे! बदलून मागितली तर "सील उघडलंय, आता नाही." तेव्हा बदलीचं आधीच विचारायचं.

टेस्टरची लिपस्टिक थेट ओठांना नको, हातावर घे. एक्स्पायरी बघ. एमआरपीत जीएसटी धरलेला असतो, वर एक रुपयाही द्यायचा नाही; कोणी मागितलाच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तुळशीबागेत घासाघीस खुशाल कर, पण क्रीम-काजळावर बॅच नंबर आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर टिकल्या-क्लिपांवरच थांब.