थायरॉइडची गोळी बंद करून अश्वगंधा घेतली तर चालेल का?

नाही, गोळी बंद करू नका. काकूंना अश्वगंधेने बरं वाटलं, म्हणून तुम्ही हे विचारताय. त्यांना बरं वाटलं असेल, पण त्यांचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड मंदावलं की रक्तात ते वाढतं) किती होता हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे.

अश्वगंधेचा थायरॉइडवर परिणाम होतो ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. २०१८ साली भारतातल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थायरॉइड मंदावण्याचा आजार अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या ५० जणांपैकी निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क ८ आठवडे दिला. त्यांचा टीएसएच खाली आला, टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची हार्मोन्स वाढली. आशादायक आहे, पण माणसं फार थोडी आणि काळ जेमतेम दोन महिन्यांचा. तुमच्यासारखी वर्षानुवर्षं गोळी चालू असलेल्यांनी ती सोडावी, असं यातून मुळीच सिद्ध होत नाही.

बरं, गोळीच्या जोडीला घेतली तर? तेही परस्पर नको. हार्मोन गरजेपेक्षा वाढून छातीत धडधड, हात थरथरणं, वजन झपाट्याने उतरणं असे त्रास झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. गरोदरपणात तर अजिबात घेऊ नका.

थकवा जात नसेल तर आधी गोळी कशी घेता ते तपासा. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. चहासोबत गोळी घेणारे खूप जण असतात.