बायको जिमला का जातेय?

"ताई, मी ३८ वर्षांचा, लग्नाला ११ वर्षं झाली. गेले आठ महिने ब्रह्मचर्य पाळतोय, स्वतःच्या मर्जीने, आणि खरंच शांत वाटतंय. पण मित्र म्हणतात हे माणसाच्या निसर्गाविरुद्ध आहे, आजार होतील. खरं आहे का? घरी काही प्रॉब्लेम नाही. बायकोला वाटतं ऑफिसचं टेन्शन आहे. हल्ली ती जिमला जायला लागलीय, त्यामुळे तिचाही वेळ जातो."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन मोकळी होते. निसर्गाविरुद्ध वगैरे काही नाही. इच्छा सगळ्यांना सारखी नसते, काहींना तर आयुष्यभर होतच नाही, आणि होत असूनही बाजूला ठेवणारे बौद्ध भिक्खू, जैन साधू-साध्वी दोन हजारांहून जास्त वर्षं आहेत, तीही माणसंच. वीर्य साठून आजार होत नाही, शरीर त्याचं काय करायचं ते करतं. (तेज पण चढत नाही हां, सांगून ठेवते.)

आता जिमचं बोलू. अहो, नवरा आठ महिने जवळ येत नाही, कारण सांगत नाही आणि बायको अचानक वजन कमी करायला लागते, याचा अर्थ तुम्हाला "तिचाही वेळ जातो" एवढाच लागला? असेलही ती तब्येतीसाठी जात, पण मला नाही वाटत. मला वाटतं ती रोज आरशासमोर उभी राहून आपल्यात काय कमी पडलं ते शोधतेय आणि तुम्ही शेजारच्या खोलीत बसून शांत होताय. ऑफिसच्या टेन्शनचा तिचा समज तुम्ही खोडला नाहीत, कारण तो तुमच्या सोयीचा आहे.

भिक्खू किंवा साध्वी दीक्षा घेतात ती सगळ्यांसमोर, काय सोडतोय ते उघड असतं, मागे अंधारात कुणी बसलेलं नसतं. गांधीजींनी १९०६ मध्ये व्रत घेतलं तेव्हा ते चार मुलांचे बाप होते, आणि कस्तुरबांना विचारलं ते अगदी व्रत घेतानाच, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मला तेही उशिराच वाटतं. पण विचारलं तरी! तुम्ही एकट्याने ठरवून दोघांना ब्रह्मचारी केलंत, तिला पत्ताच नाही.

म्हणून आज रात्रीच सांगा. रविवारी नाही, योग्य वेळ बघून नाही. पहिलं वाक्य हे असू दे की यात तुझं काहीही चुकलेलं नाही, तू मला नकोशी झालेली नाहीस. साधना, संयम, शांती हे सगळं नंतर, तिने विचारलं तरच. मग तिला काय हवंय ते तिला ठरवू द्या, तिला असं लग्न नको असेल तर तेही ऐकून घ्यावं लागेल, आणि ती चिडली की "बघ मी किती शांत आहे" असा चेहरा करून बसू नका प्लीज.