न्यू जर्सीला येताना मुलाच्या रिपोर्टची मधली पानं जपा

राम राम भाऊ,

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये न्यू जर्सीला यायचं घाटतंय, मुलगा पारोळ्यात इंग्रजी माध्यमात चौथीला आहे आणि जळगावच्या तपासणीत ‘स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी’ (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अध्ययन अक्षमता) असा शेरा मिळालाय. तो रिपोर्ट इथे चालेल का, की शाळेला सांगूच नये? मी मूळची अमळनेरची, इथे सरकारी शाळेत अशाच मुलांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लपवू नका. मुलाची शाळेतली नोंद गोपनीय ठेवण्याचा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा १९७४ पासून आहे, तुमच्या कंपनीला ती मागून मिळत नाही. आणि अशा मुलाला सरकारी शाळेनं त्याच्या गरजेप्रमाणे मोफत शिकवायचं, हे १९७५ च्या कायद्यानं ठरलंय. आज त्याला आयडिया कायदा म्हणतात. तुम्ही कुठल्या व्हिसावर आलात याचा त्याच्याशी संबंध नाही.

तुमचा रिपोर्ट शाळा वाचेल, पण मदत द्यायची की नाही हे बहुधा स्वतःच्या तपासणीवरून ठरवेल. प्रवेश झाला की तपासणीची मागणी लेखी द्या, तारीख घालून. तोंडी बोलणं धरत नाहीत. न्यू जर्सीत लेखी मागणीनंतर २० दिवसांत बैठक घ्यावी लागते आणि तुम्ही संमतीची सही दिल्यापासून ९० दिवसांत तपासणी, निर्णय आणि मंजूर झालेली मदत सुरू होणं, एवढं सगळं व्हावं लागतं. या कामासाठी शाळेची ‘चाइल्ड स्टडी टीम’ असते: मानसशास्त्रज्ञ, अध्ययन अक्षमतेची तज्ज्ञ शिक्षिका आणि समाजसेवक. पैसे लागत नाहीत, बैठकीला मराठी दुभाषा मागता येतो.

कुणीतरी नक्की म्हणेल, ‘आधी वर्षभर इंग्रजी पक्कं होऊ द्या, मग बघू.’ याला हो म्हणू नका. इंग्रजीचा वर्ग आणि तपासणी दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. मात्र त्यांच्या शंकेत तथ्य आहे. केवळ इंग्रजी कच्चं आहे म्हणून मुलावर अक्षमतेचा शिक्का मारायला कायद्यानंच मनाई आहे. म्हणून अडचण मराठीतही आहे का, हा पुरावा तुमच्या हातात हवा. मुलगा मराठी धडा वाचतोय आणि तोच धडा ऐकून स्वतःच्या शब्दांत सांगतोय, अशी दोन रेकॉर्डिंग मोबाइलवर करून आणा. जोडाक्षराशी अडतो, की काना-मात्रा गाळतो, की शब्दाचं पहिलं अक्षर बघून उरलेलं अंदाजानं ठोकतो, हे त्यातून कळतं. वह्याही आणा, पण आईनं शेजारी बसून लिहून घेतलेल्या नकोत, खाडाखोडीच्या आणा.

प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात. तिथे मराठी आणि अहिराणी दोन्ही लिहा. ज्या पोराचं घरात ‘माले-तुले, आठे-तठे’ चालतं, त्याला इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारून काढलेला आकडा त्याची बुद्धी मोजत नाही. विस्क-५ या मुलांच्या बुद्ध्यांक चाचणीत पाच निर्देशांक येतात आणि भाषेचा निर्देशांक अशा मुलांत हमखास खाली दिसतो. तो जपून वाचावा, असं टीमला स्पष्ट सांगा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे प्रमाणपत्र लागतं ते मुख्यतः परीक्षेसाठी, जादा वेळ नाहीतर लेखनिक मिळावा म्हणून. त्यामुळे पालक शेवटचं पान लॅमिनेट करतात आणि मधली पानं कपाटात जातात. पण शिकवायचं काय, हे त्या मधल्या पानांवरच असतं. एकच शेरा मिळालेल्या दोन मुलांची गरज अगदी वेगळी असू शकते. एकाला गोष्ट ऐकवली तर तो बारकाव्यांसकट परत सांगतो, पण शब्दातले ध्वनी सुटे करता येत नाहीत म्हणून वाचताना दमतो. त्याला ध्वनी आणि अक्षराची जोडी क्रमाक्रमानं, रोज, थोड्या मुलांच्या गटात शिकवावी लागते. दुसरा घडाघडा वाचतो आणि काय वाचलं विचारलं की गप्प. त्याला ध्वनीचे धडे देऊन वर्ष फुकट जातं, त्याला शब्दसंग्रह आणि वाक्याची समज हवी. म्हणून तपासणीआधीच लेखी विचारा: अडचण शब्द फोडण्यात आहे, वेगात आहे की अर्थ लागण्यात?

मग रिपोर्टमधली प्रत्येक शिफारस कुठल्या निष्कर्षातून आली ते विचारा. ‘पुढच्या बाकावर बसवा, जादा वेळ द्या’ यानं मुलाला दिलासा मिळतो, वाचायला येत नाही. ‘वर्किंग मेमरी (काम करताना माहिती डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता) कमी आहे, संगणकावर स्मरणशक्तीचे खेळ घ्या’ असं कुणी सुचवलं तर थांबवा. त्या खेळांत मुलं तरबेज होतात, वाचन सुधारत नाही, हे संशोधनात दिसलंय. ‘हा बघून शिकणारा आहे’ म्हणून शिकवण्याची पद्धत ठरवणं, यालाही आधार सापडलेला नाही.

मुलगा पात्र ठरला की आयईपी म्हणजे त्याची वैयक्तिक योजना बनते. तिच्यात ‘वाचन सुधारेल’ असं मोघम वाक्य चालवून घेऊ नका. उदाहरणार्थ, आज तिसरीच्या पातळीचा उतारा मिनिटाला ४० शब्द बरोबर वाचतो, जूनपर्यंत ७५ वाचेल, दर आठवड्याला मोजू, असं लिहून घ्या. कोण शिकवणार, रोज किती मिनिटं, किती मुलांत, तेही. सहा-आठ आठवडे आलेख वर चढला नाही तर पद्धत बदलायला बैठक मागा, वर्ष संपायची वाट बघू नका. मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती होईल अशीच योजना हवी, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय. शाळेची तपासणी पटली नाही तर शाळेच्या खर्चानं बाहेरची तपासणी मागता येते. त्यावर शाळेनं एकतर पैसे द्यायचे, नाहीतर आपलीच तपासणी योग्य आहे हे सुनावणीत सिद्ध करायचं.

वहिनींनी विचारलंय, घरात मराठी बंद करून इंग्रजीच बोलायचं का? अजिबात नको. दोन भाषांमुळे ही अडचण येत नाही आणि एक सोडल्यानं ती जात नाही. रात्री त्याला मराठी गोष्टी वाचून दाखवा, समज तिथूनही वाढते.

मे महिन्यात शाळा बंद होईल, त्याआधी वर्गशिक्षकांकडून एक पान लिहून घ्या: काय जमतं, काय जमत नाही, काय करून पाहिलं, किती दिवस. आणि जळगावच्या मॅडमकडून प्रत्येक उपचाचणीचे गुण मागून घ्या, फक्त एकूण बुद्ध्यांक नको.