‘सुतारच व्हायचे होते का?’

स. न. वि. वि.

आपली मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असून सारा वेळ महाविद्यालयाच्या कार्यशाळेत प्लायवूड कापण्यात घालवते, म्हणून तिला तेथून काढून डेटा सायन्सच्या कोणत्या अभ्यासक्रमाला घालावे, असे आपण विचारले आहे. तिचे गुण चांगले आहेत, त्यांची मला चिंता नाही. चिंता वाटली ती ‘पाच वर्षांची फी भरून सुतारच व्हायचे होते का, असे मी तिला रोज विचारतो’ या आपल्या वाक्याची. रोज असे विचारणे हा अपमान आहे, आणि तो तिचा जितका तितकाच सुताराचाही आहे. शिवाय तिला स्वतःला काय करायचे आहे, याबद्दल दोन पानी पत्रात एक ओळही नाही.

संगणकावर आकृती काढली की यंत्र कापून देते, मग त्यात शिकायचे काय, हा आपला गैरसमज आहे. १८ मिमीचा म्हणून आणलेला प्लाय मोजला तर अनेकदा थोडा कमी भरतो, आणि खाच छापील मापाने कापली तर सांधा ढिला राहतो. सीएनसी राउटरचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणाऱ्या यंत्राचा, बिट (कापणारे पाते) गोल फिरत असल्याने ६ मिमीच्या बिटने आतला कोपरा काटकोनात निघूच शकत नाही, तेथे ३ मिमी त्रिज्येची गोलाई उरते. चौकोनी खुंट तेथे बसावा म्हणून कोपऱ्यात जादा गोल खाच आधीच आखावी लागते. आठ बाय चारच्या शीटवर सगळे भाग कमीत कमी नासाडीत बसवणे आणि पट्टी वाकवायची असल्यास लाकडाचे रेषे कोणत्या दिशेने जातात हे पाहणे, हेही तिचेच काम. २०१० साली श्टुटगार्ट विद्यापीठातील दोन संस्थांनी विद्यार्थ्यांसह अवघ्या ६.५ मिमी जाडीच्या बर्च प्लायवूडच्या पट्ट्या वाकवून एक मंडप उभारला. त्यात ५०० हून अधिक वेगवेगळ्या आकारांचे भाग होते, आणि वाकवल्यामुळे पट्ट्यांत आलेल्या ताणातूनच रचनेला बळकटी मिळाली होती. लाकूड कसे वागते हे ठाऊक नसते, तर नुसत्या प्रोग्रॅमिंगने ते साधले नसते.

त्यामुळे डेटा सायन्सचा अभ्यासक्रम मी सुचवणार नाही. पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी, हवे तर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम. आर्क., हे मार्ग तिला माहीत असतीलच. तिला मात्र एक इशारा द्यावासा वाटतो: ज्याला फक्त ग्रासहॉपर हे संगणकावर आकार रचण्याचे सॉफ्टवेअर येते, तो ऑफिसात दुसऱ्याच्या कल्पनांच्या फाइली करत बसतो. तेव्हा सुट्टीत तिने एखाद्या फर्निचर कारखान्यात महिनाभर काम करावे; हा सल्ला आपल्याला रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. यापुढचे पत्र तिने लिहावे, आणि आपण ते वाचायला मागू नये.